वनविहाराची मात्रा

दवाखान्यात रोज दहा-बारा जणांच्या कागदावर मी एक ओळ हमखास लिहितो. 'रोज चालणे.' गोळ्यांची नावे लिहून झाली, पथ्य सांगून झाले की शेवटी ही ओळ येते आणि तिच्याखाली सही. हाताला ही सवय इतकी जडली आहे की ती लिहिताना माझे लक्ष बहुधा बाहेर बसलेल्या पुढच्या रुग्णाकडे असते. या एका ओळीमुळे माझ्या एका जुन्या रुग्णाच्या जिवावर कसे बेतले, ते आज वाचकांना सांगणार आहे. चूक माझी होती. ती सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगितली तर चार जणांच्या उपयोगी पडेल.

हे गृहस्थ ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो, तेव्हा इथेही सरच म्हणू. मार्च २०२३ मध्ये ते निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये तपासायला आले. रक्तदाब १५०/९६, उपाशीपोटी साखर १३८, वजन दहा किलो जास्त. शिवाय झोप लागत नाही आणि घरात बसून चिडचिड होते, ही वहिनींची तक्रार. मी म्हणालो, "सर, रोज चालायला लागा." गणिताचा माणूस तो. लगेच विचारले, "किती, डॉक्टर?" बाहेर पंधरा-वीस माणसे ताटकळत होती. मी म्हणालो, "जमेल तितकं चाला. येऊर एवढं जवळ आहे, तिकडे जात जा. हवा चांगली आहे."

सरांनी माझा शब्द प्रमाण मानला. मे महिन्यातल्या एका रविवारी शेजारच्या चार तरुण मुलांबरोबर ते येऊरचा चढ चढायला निघाले. निघेपर्यंत सकाळचे नऊ वाजले होते. चहाव्यतिरिक्त पोटात काही नव्हते. मुले झपाझप चालत होती आणि वर्गात सगळ्यांना पुढे नेणाऱ्या माणसाला मागे राहणे कसेसेच वाटत होते. अर्ध्या चढावर छातीवर दडपण आले, डाव्या जबड्यात कळ आली. सरांनी ती ॲसिडिटी समजून आणखी शंभर-दीडशे पावले रेटली. मग मात्र घामाने शर्ट भिजला आणि ते रस्त्याच्या कडेला बसले. तिथे करवंदे विकायला बसलेल्या एका बाईने त्यांच्याकडे पाहिले आणि मुलांना दटावले, "यांना आता पायी नेऊ नका रे!" येणारी रिक्षा तिनेच हात करून थांबवली. सर वेळेत रुग्णालयात पोचले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. अँजिओप्लास्टी झाली आणि सर वाचले.

आठ-दहा दिवसांनी वहिनी कागदपत्रे दाखवायला आल्या. माझा जुना कागदही त्यांनी सोबत आणला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका. गोळीपुढे तुम्ही सकाळ-संध्याकाळ लिहिता, जेवणाआधी की नंतर तेही लिहिता. मग चालण्यापुढे का नाही लिहिलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. औषधाला मात्रा असते, हे मी पहिल्या वर्षापासून शिकलो. चालण्यालाही मात्रा असते, आणि डोंगरात चालायला तर असतेच, हे ठाऊक असूनही मी कधी कागदावर उतरवले नव्हते.

दाराशी असलेले जंगल

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की जंगल आपल्या दाराशी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटले की लोकांना बोरिवली आठवते. पण हे उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे आणि येऊरचे डोंगर त्याचाच भाग आहेत. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली-गोरेगाव, पूर्वेला भांडुप-मुलुंड-ठाणे, आणि दोहोंच्या मधे साग, ऐन, करंज, पळस, बांबू आणि कारवीचे हे रान. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत आणि फुलपाखरांच्या दीडशेच्या आसपास जाती आहेत.

एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हे जंगल टिकले कसे, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे मोठे कारण पाणी. विहार तलाव १८६० च्या सुमारास तयार झाला आणि तुळशी १८७९ मध्ये. मुंबईला प्यायला स्वच्छ पाणी हवे, तर तलावांभोवतीची जमीन मोकळी आणि झाडीची राहायला हवी, म्हणून ती राखली गेली. म्हणजे हे जंगल आरोग्याच्या कारणानेच वाचले, असे म्हटले तरी चालेल.

त्याच्याही कितीतरी आधी इथे माणसे येऊन राहिली. कान्हेरीला काळ्या दगडात कोरलेली शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी ती कोरायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक शतके तिथे वस्ती होती. शिल्पे तर सगळेच पाहतात. मी डॉक्टरच्या नजरेने दोन गोष्टी पाहिल्या. एक, लेण्यालेण्यांशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. दुसरी, खोल्यांबाहेर कोरलेले दगडी बाक. डोंगरात राहायचे तर पाणी जवळ हवे आणि बसायला जागा हवी, हे त्या लोकांनी जाणले होते. आपण मात्र पाण्याची बाटली घरी विसरतो आणि बसायची लाज बाळगतो.

झाडांत गेल्याने होते काय?

"डॉक्टर, चालायचंच तर इमारतीच्या गच्चीवर चालू. जंगलात कशाला?" असे कोणी विचारले तर त्यात चूक नाही. गच्चीवर चालल्यानेही साखर उतरते आणि हृदयाला व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. तो कुठे करावा याची सक्ती नाही.

पण झाडांच्या सहवासात काहीतरी अधिक मिळते, असे दाखवणारे अभ्यास आता बरेच झाले आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध अभ्यास रॉजर उलरिक यांचा, १९८४ सालचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि त्यांच्याशी वय वगैरे बाबतींत जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. हे फक्त खिडकीतून पाहिल्याने, बरे का!

दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. जवळजवळ २०,००० लोकांच्या माहितीवरून असे दिसले की आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्या लोकांमध्ये 'आपली प्रकृती चांगली आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. ही १२० मिनिटे एका दिवसात घालवली की थोडी थोडी करून, याने फारसा फरक पडत नव्हता. अर्थात अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. मुळात प्रकृती चांगली असलेलेच लोक जास्त बाहेर पडत असतील, असेही असू शकते. तरी दिशा चांगली आहे.

जपानमध्ये वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू' हा शब्द प्रचारात आणला. त्याचा अर्थ वनस्नान. इथे स्नान म्हणजे पाण्यात उतरणे नव्हे. झाडांमध्ये सावकाश फिरायचे, बसायचे, ऐकायचे, वास घ्यायचा. त्यानंतर नाडीचा वेग आणि रक्तदाब काहीसा उतरतो, असे तिथल्या बऱ्याच पाहण्यांत आढळले.

असे का व्हावे? आपल्या शरीरात दोन प्रकारच्या मज्जासंस्था आपोआप काम करत असतात. एक धावपळीची, दुसरी विश्रांतीची. दिवसभर भोंगे, फोनची घंटी, लोकलची गर्दी यांमुळे पहिली सतत जागी राहते. झाडांत सावकाश फिरताना दुसरीला संधी मिळते. मनाचेही तसेच आहे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की, मुद्दाम लक्ष एकवटून केलेल्या कामाने मन थकते. पाने हलताना पाहणे, पाण्याचा आवाज ऐकणे याला लक्ष एकवटावे लागत नाही, ते आपोआप वेधले जाते, आणि थकलेले मन ताजे होते. सरांची झोप का उडाली होती आणि पुढे ती का परतली, याचे थोडे उत्तर इथे सापडते.

मुलांच्या बाबतीत तर पुरावा अधिक ठोस आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटांचा एक जादा तास मोकळ्यावर दिला गेला. तीन वर्षांनी पाहिले तर नव्याने लघुदृष्टी, म्हणजे लांबचे न दिसण्याचा दोष, या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना झाला होता. नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा रविवारी नातवाला मोबाईल देऊन बसवण्यापेक्षा हात धरून उद्यानात नेलेले बरे. भर उन्हात मात्र नको.

मात्रा कशी ठरवावी?

आता मुख्य मुद्दा. सरांची हृदयतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी झाली, चालण्याची परवानगी मिळाली. २०२३ च्या दिवाळीनंतर मी त्यांना म्हणालो, "या वेळी मीही येतो." खरे सांगायचे तर माझेही पोट सुटले होते आणि कान्हेरीच्या पायऱ्या चढताना मला धाप लागत होती. आम्ही येऊरचा चढ टाळला आणि घोडबंदरमार्गे बसने बोरिवलीला जाऊ लागलो. प्रवेशद्वारापासून आतला रस्ता सुरुवातीला बराच सपाट आहे, बाजूला दहिसर नदी आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे गेलो आणि दहा मिनिटांत परतलो. सरांना हे फारच कमी वाटले. मी म्हणालो, "सर, पहिल्या दिवशी तुम्ही पहिलीच्या मुलांना भागाकार शिकवता का?"

चढावर शरीरात काय होते ते समजून घेऊ. सपाटीवर चालताना हृदयाला जेवढे रक्त ढकलावे लागते, त्यापेक्षा चढावर कितीतरी जास्त लागते. रक्तवाहिनी अरुंद झालेली असेल तर सपाटीवर तक्रार जाणवत नाही, चढावर जाणवते. त्यात उकाडा, दमट हवा आणि कमी पाणी यांची भर पडली की नाडी आणखी वाढते. सरांच्या बाबतीत हे सगळे एकाच सकाळी जुळून आले.

यासाठी माझ्या रुग्णांना मी एक सोपी परीक्षा सांगतो. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत नाही पण बोलता येते, ही योग्य गती. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गती कमी करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही. अशा रुग्णांनी नाडी मोजून फसू नये, बोलण्याची परीक्षाच पाहावी.

दहा मिनिटांत तक्रार नसेल तर दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावी. सपाटीवर सलग अर्धा तास आरामात जमू लागला की मग हलका चढ. वय चाळिशीपुढे आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर डोंगर चढण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विश्रांतीत काढलेला कार्डिओग्राम चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. सरांचा एप्रिलमधला कार्डिओग्राम चांगलाच होता.

मधुमेहींनी उपाशीपोटी लांब चालू नये, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असावे. अचानक घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून आधी ते तोंडात टाकावे. बूट नवे घालून जंगलात जाऊ नये. घरी आल्यावर पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात, कारण मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि फोड आलेला कळत नाही.

गुडघेदुखीवाल्यांची समजूत असते की चढ वाईट आणि उतार सोपा. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. लहान पावले टाकावीत, काठी घ्यावी, तिरके उतरावे. दम्याच्या रुग्णांनी आपले फवाऱ्याचे औषध खिशातच ठेवावे, गाडीतल्या पिशवीत नव्हे.

ऋतूप्रमाणे बदल

औषधाची मात्रा प्रकृतीप्रमाणे बदलते, वनविहाराची ऋतूप्रमाणेही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. मार्चनंतर सूर्य वर येण्याआधी फिरून परत यावे. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही उष्णतेची पहिली सूचना. सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, थोडे थोडे पाणी प्यावे. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर अंगावर पाणी मारत, वारा घालत त्वरित रुग्णालय गाठावे. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये.

पावसाळ्यात हे जंगल सगळ्यांत देखणे दिसते आणि तेव्हाच ते सगळ्यांत धोक्याचे असते. डोंगरावर पडलेल्या सरीचे पाणी ओढ्यात काही मिनिटांत उतरते. गुडघाभर पाण्यात उभी असलेली मुले पाहता पाहता वाहून जातात. ओढ्यांत आणि धबधब्यांत उतरू नका असे वनखाते आणि पोलीस दर पावसाळ्यात बजावतात, ते आपल्या मौजेवर विरजण घालायला नव्हे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात चालू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा पाण्यातून शरीरात शिरतात. पावसाळी सहलीनंतर ताप, तीव्र अंगदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना 'मी पाण्यात गेलो होतो' हे आवर्जून सांगावे.

जंगलालाही मात्रा सोसते तेवढीच

चालता चालता एकदा सर म्हणाले, "डॉक्टर, आपल्याला जंगलाची मात्रा लागते, तशी जंगलालाही माणसांची मात्रा असणारच." मला हे पटले. आणि आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या दोन मात्रा वेगळ्या नाहीत.

बिबट्याचेच पाहा. उद्यान आणि लगतची आरे वसाहत मिळून २०१५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७. एवढे बिबटे या शहरालगत राहतात त्याचे एक कारण कुत्री. आपण वेफर्सची पाकिटे, उरलेले अन्न जंगलाच्या कडेला टाकतो. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले होते. पुढे २०११ पासून वनखात्याने अभ्यासक आणि नागरिक यांना बरोबर घेऊन जागृतीचे काम हाती घेतले. कचरा हटवा, अंधारात मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर घेराव घालू नका, या साध्या गोष्टी घरोघर सांगितल्या गेल्या. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पण पहाटेच्या अंधारात, उंच गवताच्या कडेला एकट्याने बसणे किंवा वाकणे टाळावे. दिवस उजाडल्यावर जावे, मावळण्याआधी परतावे आणि लहान मुलाला चार पावलेही मागे सोडू नये.

तीच गोष्ट माकडांची. हौसेने केळे देणारा माणूस निघून जातो आणि पुढच्या बाईच्या हातातली पिशवी ओढली जाते. माकडाने किंवा कुत्र्याने चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालयात जावे. हळद-मिरची लावून घरी बसू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

साप पायवाट सोडणाऱ्यांना भेटतो. नाग, घोणस हे इथले रहिवासीच आहेत. पायात बूट असावेत, दगडाखाली हात घालू नये. दंश झालाच तर तो भाग न हलवता, फळी किंवा काठीचा आधार देऊन, रुग्णाला उचलून रुग्णालयात न्यावे. कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू नये. उपचार प्रतिविषाचा, आणि तो रुग्णालयातच मिळतो.

राहिला आवाज. येऊरला रात्री-बेरात्री गाणी लावून पार्ट्या करणारे लोक मी पाहिले आहेत. जंगलात जाऊन शहराचाच गोंगाट करायचा, तर मज्जासंस्थेला विश्रांती कसली मिळणार? आणि तिथल्या पाड्यांतल्या वारली कुटुंबांच्या झोपेचे काय? सरांच्या वेळी रिक्षा थांबवली ती त्यांच्यापैकीच एका बाईने, हे मी विसरू शकत नाही.

सरांचा कागद

आता सरांच्या कागदावर मी काय लिहिले आहे ते देतो. वाचकांनी आपल्या डॉक्टरांना विचारून आपापला कागद तयार करावा.

१. आठवड्यातून पाच दिवस घराजवळ सपाटीवर ३० मिनिटे. एक दिवस उद्यानात दोन तास, त्यातला निम्मा वेळ चालणे, निम्मा वेळ बसणे.

२. निघण्याआधी अर्धा तास हलके खाणे. रोजच्या गोळ्या चुकवू नयेत. प्रत्येकी एक लिटर पाणी सोबत.

३. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे सावकाश. बोलता येईल एवढीच गती. तरुणांशी स्पर्धा नाही.

४. एकट्याने जाऊ नये. खिशात नाव, आजार, गोळ्यांची नावे आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी. जंगलात काही ठिकाणी मोबाईलला संपर्क मिळत नाही, हे गृहीत धरावे.

५. छाती, जबडा, खांदा किंवा डावा हात यांत दडपण किंवा कळ आली तर तत्काळ बसावे. 'गॅस असेल' म्हणून पुढे चालू नये आणि उतरूनही जाऊ नये. डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेली गोळी घ्यावी आणि सोबत्याने १०८ ला फोन करावा.

६. नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. प्राण्यांना खाऊ घालू नये. पायवाट सोडू नये. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते, तो दिवस जंगलाच्या विश्रांतीचा समजावा.

वर्षभरात सरांचे वजन सात किलोंनी उतरले, साखर आटोक्यात आली. गोळ्या चालूच आहेत आणि चालूच राहतील. जंगलात जायला लागलो म्हणून गोळी बंद, असे कोणी करू नये. माझाही पट्टा दोन भोकांनी आत गेला, हे जाता जाता सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरउतारावर कारवी फुलली. आपल्याकडे कुडाच्या भिंतीला जिच्या काठ्या वापरतात तीच ही कारवी. सात वर्षे नुसती हिरवी वाढते, आठव्या वर्षी जांभळ्या-निळ्या फुलांनी बहरते आणि बी धरून वाळून जाते. याआधी ती २०१६ साली फुलली होती. त्या साली सर शाळेच्या कामात गुंतले होते, त्यामुळे पाहायची राहून गेली. या वेळी वहिनीही आमच्याबरोबर होत्या. काही उत्साही मंडळी फोटोसाठी झुडपांत शिरत होती, आम्ही पायवाटेवरच उभे राहिलो. मधमाश्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

सरांनी तिथल्या तिथे हिशेब केला. "डॉक्टर, आता पुन्हा २०३२ साली. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा असेन." वहिनी म्हणाल्या, "मग कागदावर लिहिलंय तेवढंच चाला. २०३२ ला मला पुन्हा यायचंय."

त्या दिवसापासून 'रोज चालणे' ही ओळ लिहिली की मी पेन खाली ठेवत नाही. तिच्यापुढे किती, केव्हा आणि कुठवर, हेही लिहितो. बाहेर माणसे थांबलेली असतात, दोन मिनिटे जास्त लागतात. लागू द्यावीत. आणि वाचकहो, तुमच्या डॉक्टरांनी ते लिहिले नसेल, तर आमच्या सरांसारखे विचारा, "किती, डॉक्टर?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.